ठसका

१२ एप्रिल, शनिवार

मनवाचा आजचा शब्द : "तित्त". म्हणजे तिखट. दीड वर्षाच्या लालबागच्या पोरीने हा शब्द शिकला यात नवल ते काय! ही डायरी मी तिच्या शब्दांसाठीच घेतली होती, पण लिहायला बसलं की बाकीचंही येतं.

मसाल्याचा सीझन जोरात आहे. दुकानापुढे बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात भाजलेल्या मिरच्यांची पिशवी. आबांच्या दोन्ही कांडप मशीनना उसंत नाही. लवंगी मिरची पडली की वरच्या मजल्यापर्यंत सगळी चाळ शिंकते. लग्न होऊन आले तो पहिला एप्रिल मी तोंडाला ओढणी बांधून काढला होता. शीव कोळीवाड्याच्या पोरीला सुक्या म्हावऱ्याचा वास चालतो, मग मिरचीने काय घोडं मारलंय, असं वैभव चिडवायचा.

संध्याकाळी आबा मशीन बंद करून वर आले आणि मनवाला मांडीवर घेऊन गॅलरीत बसले. त्या दोघांचा हा रोजचा वेळ. सासूबाई गेल्यापासून आबांना दुसरा विरंगुळा नाही. मी चपात्या लाटत होते. एकदम मनवाचा ठसका ऐकू आला, थांबेचना. धावत बाहेर गेले तर तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा, आणि आबा तिची पाठ थोपटतायत.

"काय झालं आबा?"

"काय नाय गो. ठसको लागलो. मिरचीचो वास इलो खालसून."

हळूहळू थांबला. मुसमुसत माझ्या खांद्यावर झोपून गेली. झबल्यावर आबांच्या पुडीतली शेंगदाण्यांची सालं चिकटली होती, ती झटकली आणि आत नेलं. जेवली नाही. दमली असेल.

१५ एप्रिल, मंगळवार

परवापासून खोकला. सर्दी नाही, ताप नाही, नुसता कोरडा खोकला, आणि झोपली की छातीत बारीक शिट्टी वाजते.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बसायला जागा नव्हती. त्यांनी झबल्यावरूनच नळी लावली, कुठे राहता विचारलं. मी सांगितलं, खाली मसाल्याचं मशीन आहे. त्यांनी नळी काढलीच. "मग वेगळं काय होणार? बालदमा. ॲलर्जिक. धूळ टाळा." वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं.

वैभव येताना घेऊन आला. मास्क लावला की मनवा अशी किंचाळते की मजल्यावरच्या सगळ्या खोल्या जाग्या होतात. मी तिचे हात धरते, वैभव डोकं. आबा तेवढा वेळ जिन्यात जाऊन उभे राहतात.

२० एप्रिल, रविवार

ताप चढला. एक्स-रे काढला. उजवीकडे खाली पॅच आहे म्हणाले, न्यूमोनिया. ॲन्टिबायोटिक सुरू केलं.

वाफेने फरक पडत नाही असं मी डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, "आई, घरात मिरची कुटणार आणि वाफेने फरक पडावा म्हणणार!" बाहेर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मीच तिला विष घालते आहे अशा.

आज नवा शब्द नाही. जुनेही बोलत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ताप उतरला, शिट्टी तशीच. दूध पिताना मध्येच थांबते, धापा टाकते, पुन्हा तोंड लावते. तिच्या बरगड्यांच्या मधली कातडी श्वासागणिक आत जाते. मी ते बघत बसते. बघण्याशिवाय काय करू?

दुपारी आबा जेवायला वर आले. ताटावर बसले, पण भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "प्रिती, एक इचारू? ठसक्यान असा होता काय गो? त्या दिवशी तिका जो ठसको लागलो ना, तेव्हा…"

माझं डोकंच फिरलं. दहा दिवस ज्याच्यासाठी मी मरते आहे ते यांना आज सुचतंय? मी म्हटलं, "ठसक्यानेच झालंय आबा! तुमच्या मिरचीच्या ठसक्याने. तुमच्या मशीनच्या. डॉक्टर ओरडून सांगतायत, सगळ्या जगाला कळलं, तुम्हालाच तेवढं कळायचं राहिलंय."

आबा उठले. ताट तसंच ठेवून खाली गेले.

बोलले ते बरंच झालं. कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मशीनचा आवाज आला नाही. खिडकीतून पाहिलं तर शटर अर्धं खाली, आणि आबा रांगेतल्या बायकांना हात जोडून सांगतायत, दुसरीकडे जावा, बंद केलंय. सीझनच्या मध्यावर. चाळीस वर्षांत ते मशीन गणपती-दिवाळीला सोडलं तर बंद पडलेलं नाही, वैभवची आई गेली तेव्हासुद्धा तेराव्या दिवशी सुरू झालं होतं. एक म्हातारी भांडायलाच उठली, अर्धा मसाला कांडलाय, अर्धा मी कुठे नेऊ? आबांनी तिलाही हात जोडले.

वैभवने मला विचारलं, "तू त्यांना काय बोललीस?"

"खरं तेच बोलले."

तो ऑफिसला निघून गेला. डबा ओट्यावरच राहिला.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण आता मनवा बरी होईल.

२९ एप्रिल, मंगळवार

मशीन बंद आहे, पण भिंतींत मिरची मुरलेली आहे. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून मनवाला घेऊन आईकडे आले, कोळीवाड्यात.

आईने दार उघडलं, मनवाला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "गो बाय, ही काय दशा केलीस पोरीची?" माझी आई सोनूबाई म्हणजे बाजारात शंभर गिऱ्हाइकांना एका आवाजात गप्प करणारी बाई. ती मनवाला पोटाशी धरून गप्प बसली. त्या गप्प बसण्यानेच मी घाबरले.

निघताना आबा गॅलरीत उभे होते. मनवाने त्यांच्याकडे हात पसरले. नेहमी झेपावतात, आज पाठ करून आत गेले. राग धरलाय. धरू दे. माझी पोर आजारी आहे आणि यांना मानपान सुचतोय.

२ मे, शुक्रवार

इथे मिरची नाही, मशीन नाही, धूळ नाही. शिट्टी आहे.

दुपारी ती झोपली असताना मी तिच्या पाठीला कान लावून बघितलं. डाव्या बाजूला भाता चालल्यासारखा आवाज. उजव्या बाजूला काहीच नाही, अगदी शांत. म्हणजे निदान एक बाजू तरी बरी आहे. तेवढ्यावरच आज दिवस काढला.

आईने खंडोबाला बोलून ठेवलंय. मला देवाला काय सांगावं तेही सुचत नाही.

४ मे, रविवार

नायगावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचा फुकट वर्ग होता. पत्रकावर 'मुलांच्या श्वासाचे आपत्कालीन प्रसंग' लिहिलेलं, म्हणून मनवाला आईकडे ठेवून गेले. वाटलं, अटॅक आला तर काय करायचं ते कळेल.

शिकवायला निवृत्त सिस्टर होत्या. सुरुवातीला चांगलं सांगत होत्या. श्वासाचा त्रास कसा ओळखायचा : नाकपुड्या फुलतात, बरगड्या आत ओढल्या जातात, मूल पिताना थांबतं, ओठ काळेनिळे पडतात. मी मान डोलवत होते, मनवाचंच वर्णन चाललं होतं. आता उपाय सांगतील म्हणून पेन काढलं, तर बाईंनी पिशवीतून रबरी बाहुली काढली आणि घशात घास अडकला तर काय, यावर गेल्या त्या गेल्याच.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाज येतोय म्हणजे हवा जातेय. आवाज गेला, रडता येत नाही, खोकताही येत नाही, की मग एक क्षण थांबू नका. एकाला १०८ लावायला सांगा. मुलाला मांडीवर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच दणके. नाही निघालं तर उताणं करून, वर्षाच्या वरचं मूल असेल तर बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच धक्के. त्याहून लहान बाळाला पोटावर नाही, छातीवर. पुन्हा दणके, पुन्हा धक्के. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो.

आम्हा सगळ्यांना बाहुलीवर करून दाखवायला लावलं. मी दणका दिला तर म्हणाल्या, "हे काय, पावडर लावताय? जोरात. बरगडी दुखली तर दुखू दे, पोर राहिली पाहिजे." सगळ्या हसल्या. मला राग आला. माझ्या मुलीला दमा आहे आणि मी इथे बाहुली बडवत बसलेय. शेवटी प्रश्न विचारायचे होते. मी थांबले नाही, मनवाकडे जीव लागलेला.

रविवार फुकट गेला.

१० मे, शनिवार

परत लालबागला आलो. पुन्हा ताप, पुन्हा तेच औषध, आणखी मोठा डोस. दुसऱ्या एका डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी पहिल्यांची चिठ्ठी वाचली आणि तेच पुढे चालू ठेवलं.

आबा खूप वाळलेत. दुकानात बंद मशीनसमोर स्टूल टाकून बसतात. वर येत नाहीत, त्यांचं ताट वैभव खाली नेतो. दाणेवाला भैया संध्याकाळी हाक मारतो, ते त्याला हातानेच नको म्हणतात. मनवा "आबा" म्हणते, अगदी बारीक आवाजात, म्हणता म्हणता खोकते. हा एकच शब्द उरलाय तिच्याकडे.

वैभव आणि मी भांडलो. तो म्हणाला, "मशीन बंद केलं. घर सोडून गेलीस. गादी बदलली, पडदे काढले, उदबत्ती बंद. आता काय करायचं सांग. चाळ पाडू?"

मी म्हटलं, "तुला काय, तू ऑफिसला जातोस. तिचा श्वास मी मोजते."

तो म्हणाला, "मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडतो, प्रिती. तुला ते पण बघायला यायचंय का?"



१३ मे, मंगळवार

मला आता असं वाटतं की ती जाणार. हे कुणाला म्हणता येत नाही म्हणून इथे लिहिते. तिला मांडीवर घेतलं की हलकी लागते, रिकाम्या पिशवीसारखी. मी तिचे केस विंचरले, काजळ लावलं, फोटो काढला. मग कळलं की आपण फोटो का काढला. लगेच पुसून टाकला.

१८ मे, रविवार. परळ, हॉस्पिटलमध्ये

काल सकाळी झालं. लिहायला हात आज धजावतोय.

वैभव घरी होता. मनवा जरा बरी वाटत होती, म्हणून त्याने तिला पायांवर झोके दिले, घुगूऽ घुगू. ती कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता खोकला सुरू झाला, जोराचा, पोटातून. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, रोजचाच. आणि मग तो थांबला.

थांबला म्हणजे संपला नाही. कापला गेला.

बाहेर आले तर ती वैभवच्या हातात ताठ. तोंड उघडं, डोळे मोठे, छाती वर ओढली जातेय, आणि आवाज नाही. काहीच नाही. वैभव ओरडला, "अटॅक आलाय, मास्क आण, मास्क!" आणि स्वतःच वाफेचं मशीन लावायला धावला. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी तिच्या तोंडात बोट घातलं. मी त्यांचा हात झटकला. ओठ निळे पडत होते, माझ्या डोळ्यांदेखत, कागदावर शाई पसरावी तसे.

तिच्या तोंडात काही नव्हतं. सकाळपासून दोन घोट दुधापलीकडे काही घेतलं नव्हतं. अडकायला काही नव्हतंच. डोक्याने विचारलं असतं तर मी काही केलं नसतं. पण हातांनी डोक्याला विचारलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की आवाज गेला.

मी खाली बसले, तिला मांडीवर पालथं टाकलं, आणि दणका दिला. पावडर लावल्यासारखा नाही. काकू किंचाळल्या, "अगं मारतेस काय पोरीला!" आणखी. आणखी. काही नाही. उताणी केली, बेंबीच्या वर मूठ, आत आणि वर. तिचं डोकं मागे लोंबलं. मी रडत नव्हते, मोजत होते, मोठ्याने. वैभव १०८ वाल्यांशी बोलत होता आणि त्यांना चाळीचं नाव सांगताना ते त्याला आठवत नव्हतं. पुन्हा पालथी केली. पुन्हा दणके.

कुठल्या दणक्याला ते माहीत नाही, पण आतून काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि हवा आत गेली. तो आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. मग ती रडली. बारीक, फाटकं रडू. मी त्या रडण्याला इतकी घट्ट धरून बसले की वैभवने माझी बोटं सोडवली.

बाहेर काहीच पडलं नाही. लादीवर, झबल्यावर, कुठेच काही नाही.

गाडीची वाट बघत बसलो नाही. टॅक्सी केली. आबा अनवाणी धावत आले आणि न विचारता पुढच्या सीटवर बसले.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मनवाचे कपडे काढले. पहिल्यांदा कोणीतरी तिचे कपडे काढून तपासत होतं. डावीकडे नळी, उजवीकडे नळी, पुन्हा डावीकडे. किती वेळ ऐकत होत्या. मग विचारलं, "हिला कधी खाता-खाता ठसका लागला होता का? आज नाही. आधी. महिनाभरापूर्वी असेल, त्याही आधी असेल."

मी म्हटलं, "नाही. हिला दमा आहे. मिरचीचा…"

"नीट आठवा. शेंगदाणा, चणा, डाळिंबाचा दाणा, काहीही."

"नाही हो, मी हिला असलं काही देतच नाही. सगळं मऊ करून…"

"मिया दिलंय."

आबा दाराशी उभे होते. "मिया दिलंय तिका. शेंगदाणे. अर्धे करून देय होतंय, तिका आवडत म्हणान. त्या दिवशी ठसको लागलो, मी पाठ थोपटलंय, बरी झाली. माका वाटला, गेलो ठसको." ते दारातून आत आले. "डॉक्टरीणबाय, तो आत ऱ्हवलो काय?"

बाई त्यांच्याकडे रागाने बघतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "बाबा, हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं."

मग सगळं भराभर झालं. दाणा श्वासनळीतून उजव्या फुप्फुसाच्या तोंडाशी जाऊन बसला होता. तिथे ओलाव्याने फुगला. दमा कधी नव्हताच. काल खोकल्याने तो उचलून वर आला आणि मुख्य नळीतच अडकला, म्हणून दोन्ही बाजू बंद. माझ्या दणक्यांनी तो परत आपल्या जागी खाली सरकला आणि निदान एक फुप्फुस मोकळं झालं. बाईंनी विचारलं, "कुठे शिकलात?" मी शाळेच्या हॉलमधल्या रबरी बाहुलीचं सांगितलं. उजवी बाजू शांत का होती तेही त्यांनी समजावलं. तिथे हवाच जात नव्हती.

आज सकाळी भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून काढला. दाण्याचं अर्धुक. बाटलीत घालून दाखवलं. करडं, बुळबुळीत, नखाएवढं.

वैभव आत मनवापाशी होता. मी बाहेर आले. आबा बाकावर बसले होते, कालपासून त्याच बाकावर, पोटात पाण्याशिवाय काही नाही. मला बघून उठले. मी त्यांना काय म्हटलं ते लिहिते, कारण मी ते म्हटलं आहे. म्हटलं, "महिनाभर तोंड शिवून बसलात. तुम्ही मारली असती माझ्या पोरीला."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून. मग चालू लागले.

२२ मे, गुरुवार

घरी आलो. ताप नाही. खोकला आहे, पण ओला, सुटणारा. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग अजून पुरता उघडलेला नाही. कदाचित उघडेल, कदाचित थोडा तसाच राहील, दर महिन्याला दाखवायचं. डॉक्टरीणबाई खोटा धीर देत नाहीत. मला ते बरं वाटतं आणि भीतीही वाटते.

आबा घरी नाहीत. गावी गेलेत, मालवणजवळ, त्यांच्या भावाच्या घरी. वैभवला एवढंच सांगून गेले की किल्ल्या फळीवर ठेवल्यात. वैभव मला दोष देत नाही. तो माझ्याशी बोलतो, चहा देतो, औषधाच्या वेळा पाळतो. पण दोष देत नाही हे इतकं जपून करतो की मला ते टोचतं.

दुपारी मनवा झोपली असताना भांडी घासत होते. एकदम तो दिवस समोर आला. आबा ताटावर बसलेले. ठसक्यान असा होता काय गो? त्या दिवशी तिका जो ठसको लागलो ना, तेव्हा…

मी त्यांना 'तेव्हा'च्या पुढे जाऊ दिलं नव्हतं.

नळ किती वेळ वाहत होता कुणास ठाऊक. शेजारच्या काकूंनी येऊन बंद केला.

२५ मे, रविवार

गावच्या घरी दोनदा फोन केला. कौसल्याकाकींनी उचलला. आबा बागेत गेलेत म्हणाल्या. दुसऱ्यांदाही बागेतच. मागे कुणीतरी खोकत होतं, अगदी आबांसारखं.

वैभवला म्हटलं, तू जाऊन घेऊन ये. तो म्हणाला, "माझ्यामुळे गेलेले नाहीत ते. माझ्यासाठी येणार पण नाहीत."

२९ मे, गुरुवार

काय बोलायचं ते सकाळपासून मनात घोकत होते. आबा, माझं चुकलं. आबा, तुमचंही चुकलं, पण माझं जास्त. आबा, तुम्ही त्या खोलीत बोलला नसतात तर डॉक्टरांना कळायला आणखी उशीर झाला असता. सगळी वाक्यं खरी होती आणि एकही तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

काकींना म्हटलं, "बागेत असतील तर फोन बागेत न्या. मी थांबते." पावलं ऐकू आली, कोंबड्या, कुणाची तरी कुजबुज. मग फोन कुणीतरी हातात घेतला.

"आबा, मी प्रिती."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"ऐकताय ना?"

"हां."

"आबा…" पुढचं एक अक्षर येईना. मी फोन ठेवून देणार होते. तेवढ्यात मनवा रांगत-उठत माझ्या गुडघ्याशी आली आणि फोनकडे हात केला. मी तिला मांडीवर घेतलं आणि फोन तिच्या तोंडाशी धरला.

"बोल. आबा आहेत."

ती बोलली नाही. मुलं फोनवर बोलतात कुठे? तोंड उघडं टाकून ती फोनकडे टक लावून बघत राहिली आणि श्वास घेत राहिली. आत, बाहेर. आत, बाहेर. शिट्टी नाही, घरघर नाही. फोनच्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती.

पलीकडून आबांचा आवाज आला, इतका हळू की मला कान जवळ न्यावा लागला.

"येता हा गो. तिचो श्वास ऐकाक येता हा."

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. हात भरून आला तेव्हा मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तसाच तिच्या तोंडाशी धरून ठेवला.